घरी शिवलेली बटाट्याची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवावी का?

प्रश्न बोरिवलीच्या एका ताईंचा आहे. त्यांचा पाच जणींचा बचत गट कापडी वस्तू शिवतो. अमेरिकेतल्या नणंदेनं त्यांना गोधडीसारखे टाके घातलेली एक जाड पिशवी पाठवली. तिच्यात धुतलेले बटाटे घालायचे, पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची, सात-आठ मिनिटांत बटाटे तयार. कुकर नको, शिट्ट्या नकोत. गटानं तशाच चाळीस पिशव्या शिवून दिवाळीआधी दादरच्या एका प्रदर्शनात ठेवायचं ठरवलं आहे. पण नमुन्याच्या पिशवीला चार वेळा वापरल्यावर आतून तपकिरी डाग पडला. त्या विचारतात, कापड तर कॉटनचं आहे, मग डाग कसला? आणि या पिशव्या विकायला सुरक्षित आहेत का?

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. स्वतः शिवलेली, आतला धागा न् धागा पारखलेली पिशवी तुम्ही स्वतःच्या घरी, ओट्यापाशी उभं राहून वापरलीत, तर धोका थोडा आहे. तीच पिशवी चाळीस अनोळखी घरांत जाऊ देणं मला पटत नाही. विकू नका. भेट म्हणूनही देऊ नका.

मी सत्तावीस वर्षं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत कापड आणि सूत तपासायचं काम केलं. कशात काय मिसळलंय, कुठल्या तापमानाला कशाचं काय होतं, हेच दिवसभर पाहायचं. निवृत्त झाल्यापासून घरी गोधडीचे आणि क्विल्टिंगचे वर्ग घेते. त्यामुळे या पिशवीची शिलाईही मला ठाऊक आहे आणि तिच्या आत काय घडतं तेही.

डागापासून सुरुवात करू. मायक्रोवेव्हमध्ये आच नसते. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं, पाण्याच्या रेणूंना सतत फिरायला लावतात आणि त्या धडपडीतून उष्णता तयार होते. बटाट्याच्या वजनाचा जवळपास चार पंचमांश भाग पाणीच असतं, म्हणून तो भराभर तापतो. कोरडं सुती कापड या लहरींनी फारसं तापत नाही. पण सूत पूर्ण कोरडं कधी नसतंच. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की १०० ग्रॅम सुक्या कापसात साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी मुरलेलं असतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याहून बरंच जास्त. तेव्हा पिशवी स्वतःही थोडी तापते, आणि बटाट्यातून निघणारी वाफ तिला आणखी तापवते. इथवर काहीच बिघडत नाही, कारण बटाट्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. तेवढ्यानं सूत करपत नाही.

पाणी संपलं की गोष्ट बदलते. एक साधं गणित मांडून बघा. १५० ग्रॅमचा एक मध्यम बटाटा, त्यात साधारण १२० ग्रॅम पाणी. मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा. सगळी ऊर्जा बटाट्यालाच मिळाली असं धरलं, तर ३० अंशांवरून १०० अंशांवर यायला त्याला पाऊण मिनिटाची ऊर्जा पुरते. पुढची ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि ८०० वॅटमध्ये मिनिटाला वीस ग्रॅमच्या वर पाणी उडू शकतं. म्हणजे कागदावर तरी, सहा-सात मिनिटांत तो बटाटा वाळून खडखडीत. प्रत्यक्षात एकटा लहान बटाटा सगळी ऊर्जा शोषत नाही, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण जे व्हायचं ते हेच. चार बटाटे असले की तीच ऊर्जा चौघांत वाटली जाते आणि आठ मिनिटांत ते छान शिजतात. एकाच बटाट्याला आठ मिनिटं दिली, की टोकाचा निमुळता भाग आधी वाळतो, मग तिथलं तापमान १०० च्या वर चढायला लागतं, पिष्ट आणि साखर करपते. करपून झालेला कोळसा तर या लहरी पाण्यासारखाच नीट शोषतो. त्यामुळे तो ठिपका आजूबाजूपेक्षा आणखी जोरात तापतो. आणि त्या ठिपक्याला टेकलेलं असतं तुमचं कापड.

तुमच्या पिशवीतला डाग दोन प्रकारचा असू शकतो. बटाट्याच्या चिकाचा डागही तपकिरी पडतो. चिरलेला बटाटा उघड्यावर काळपटतो ना, तसंच ते. तो डाग साबणानं घासला की फिका होतो आणि कापडाचा जोर कायम राहतो. दुसरा डाग करपल्याचा. पिशवी धुऊन वाळवा, डागाची जागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणा. कापड टरकन फाटलं किंवा बोटाला भुरभुरीत लागलं, जळक्या कागदाचा वास आला, तर ते सूत करपलेलं आहे. अशी पिशवी आजच कात्रीनं कापून टाका. नुसती बाजूला ठेवू नका, कुणीतरी उचलून वापरतं.

आता तुमच्या वाक्यातल्या ‘कॉटनच आहे’ या शब्दांकडे येते. प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर कॉटन म्हणून आलेले तुकडे हजारोंनी आले असतील, आणि नुसत्या हाताच्या स्पर्शावरून मी कधी सही केली नाही. मंगलदास मार्केटमध्ये गठ्ठ्यानं घेतलेले कटपीस, हिंदमाताच्या दुकानांतून आणलेला ब्लाउजपीस, घरातल्या साड्यांचे उरलेले काठ, सगळ्यांना आपण सवयीनं कॉटन म्हणतो. त्यात टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सूत असतं, कॉटन-विस्कोस असतं, खण म्हणून येणारं कितीतरी कापड आता कृत्रिम धाग्याचं असतं. खादी भांडारातून आणलं म्हणून निश्चिंत राहावं तर तिथे पॉलीवस्त्रही मिळतं, आणि पॉलीवस्त्रात पॉलिएस्टर असतं. त्या कापडाचं वावडं नाही मला, माझ्या नेसणीतच त्याच्या दोन साड्या आहेत. बटाट्याच्या पिशवीत मात्र त्याचं काम नाही.

घरच्या घरी पारख करता येते. कापडाच्या कडेचे उभे-आडवे चार धागे वेगळे काढा. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. सुती धागा पटकन पेट घेतो, ज्योत विझल्यावरही टोक लालसर धुमसत राहतं, वास जळक्या कागदाचा येतो आणि मागे उरते ती मऊ, करडी, फुंकरीनं उडणारी राख. पॉलिएस्टर ज्योतीजवळ नेताच आक्रसून मागे सरतं, वितळतं, काळा धूर सोडतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. तो नखानं फुटत नाही. मिश्र कापडात राखेसोबत बारीक खडे लागतात. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून बघा, कारण काही कापडांत ताणा सुती आणि बाणा कृत्रिम असतो.

कापड पारखून झालं की बहुतेकजणी थांबतात. खरी फसगत त्याच्या पुढे आहे.

शिलाईचा दोरा घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी रिळं बहुतेक पॉलिएस्टरची असतात, कारण तो दोरा मजबूत असतो आणि मशीनवर तुटत नाही. सुती दोरा मुद्दाम मागावा लागतो. पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार २२० च्या आसपास. १०० अंशांच्या वाफेत यांना काही होत नाही. म्हणूनच पॉलिएस्टर घातलेल्या पिशव्याही महिनोन् महिने बिनतक्रार चालतात, आणि ‘आमची तर काही होत नाही’ असं लोक मनापासून सांगतात. एखाद्या दिवशी बटाटा कोरडा पडतो आणि त्याच टाक्याशी २५० अंश होतात. सुती कापड करपलं तर करपतं. वितळलेलं पॉलिएस्टर बोटाला चिकटतं, आणि ते ओढून काढताना कातडी बरोबर येते. असा भाजलेला हात मी पाहिला आहे.

मधल्या थराकडे फार कमी जणी लक्ष देतात. दुकानात वॅडिंग किंवा फायबर शीट म्हणून जे पांढरं, हलकं, फुगीर मिळतं, ते पॉलिएस्टर असतं. सुती वॅडिंग मिळतं, पण त्यातही काही प्रकारांत कापूस एकसंध राहावा म्हणून आतून पातळ जाळी घातलेली असते. ती पॉलिएस्टरची असते नाहीतर पॉलिप्रॉपिलीनची, आणि पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपासच वितळतं. वॅडिंगचा तुकडा हातानं हळूहळू फाडा. कापूस सुटत गेला आणि मध्ये कोळिष्टकासारखं काही ताणलं गेलं, तर जाळी आहे असं समजा. दोन थर चिकटवायला काहीजणी फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर वापरतात, फवारायचा गोंद वापरतात. दोन्ही नको.

गादीवाल्याकडून पिंजून आणलेला जुना कापूस स्वस्त पडतो, गोधडीत मीही घालते. पण त्यात सरकीचे तुकडे असतात, गिरणीच्या कचऱ्यातले रंगीत कृत्रिम तंतू असतात, आणि मला एकदा त्यात स्टेपलरची पिन सापडली. मायक्रोवेव्हमध्ये पिनेच्या टोकाशी ठिणगी उडते. भोवती कोरडा कापूस असला तर पुढचं सांगायला नको.

त्याच कारणानं धातूची चेन, टिचबटण, हूक काहीही नको, आणि वेल्क्रो नायलॉनचा असतो म्हणून तोही नको. जरीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण आपल्या हातून चूक होते ती इथेच. काठाची पट्टी लावली की पिशवी देखणी दिसते, प्रदर्शनात उठून दिसते. हल्लीची स्वस्त जरी म्हणजे पुष्कळदा पॉलिएस्टरच्या फिल्मवर चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर. मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नच्या पाकिटात तळाशी करड्या रंगाचा चौकोन असतो, तो बघितला असेल. तोसुद्धा पॉलिएस्टरच्या फिल्मवरचा अॅल्युमिनियमचा पातळ थरच. कंपन्या तो मुद्दाम घालतात, कारण तो लहरींमध्ये २०० अंशांच्या पुढे तापतो आणि त्यावर मका फुटतो. तुमच्या पिशवीच्या काठाला तेच लावल्यासारखं होतं. सोनेरी छापाचं कापड, चमकीचा प्रिंट, टिकल्या, हे सगळं त्यातच धरा.

मी इतकं बजावून का सांगते आहे, ते सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी मी अशा काही पिशव्या शिवल्या होत्या आणि त्यातली एक पार्ल्याच्या धाकट्या जावेला दिली होती. देताना सगळं तोंडी सांगितलं. तिनं दोन वर्षं नीट वापरली. एका दुपारी ती घरी नव्हती. तिचा कॉलेजात जाणारा मुलगा भुकेला होता. त्यानं एक छोटा बटाटा पिशवीत घातला, दहा मिनिटं लावली आणि शेजारच्या खोलीत गेला. त्यांचा ओव्हन कन्व्हेक्शनचा आहे आणि आदल्या संध्याकाळी केक झाल्यामुळे बटण ग्रिल आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालण्यावर राहिलं होतं. धुराच्या वासानं तो धावत आला. सुदैवानं दार न उघडता त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. कुणाला काही झालं नाही.

जावेनं ती पिशवी माझ्याकडे आणून दिली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ती उसवली. वरच्या बाजूचं निळं छापील कापड मधोमध काळं पडून फाटलं होतं, कडांना जसंच्या तसं होतं. आतलं मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड, वाटीएवढ्या गोलात गर्द तपकिरी, हात लावताच चुरा होणारं. मधला कापूस धुमसत कडेपर्यंत गेलेला, बोटांनी दाबला की काळी पूड. आणि टाक्यांच्या ओळीत, जिथे दोरा असायला हवा होता, तिथे खसखशीच्या दाण्याएवढे कडक काळे मणी. मी ज्या रिळानं शिवलं होतं त्यावर कॉटन असं लिहिलेलं होतं. कापड पारखलं होतं, वॅडिंग पारखलं होतं, दोरा मी पारखला नव्हता. सत्तावीस वर्षं हेच काम करून. त्या दिवसानंतर मी कुणालाही ही पिशवी दिलेली नाही.

या प्रसंगातली सर्वांत मोठी चूक दोऱ्याची नव्हती, हेही खरं. ती ओव्हनच्या पद्धतीची होती, आणि मुंबईतल्या घरांत हाच धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. अमेरिकेतल्या घरात बहुधा भाजायचा ओव्हन वेगळा आणि मायक्रोवेव्ह वेगळा असतो. आपल्याकडे जागा कमी, म्हणून एकाच डब्यात मायक्रोवेव्ह, ग्रिल आणि कन्व्हेक्शन. कन्व्हेक्शनमध्ये आतली हवाच २०० अंशांवर जाते. ग्रिलमध्ये वरची कॉइल लाल होते आणि फुगीर पिशवी तिच्यापासून चार बोटांवर असते. तिथे शंभर टक्के सुती पिशवीसुद्धा पेटू शकते, आणि पॉलिएस्टरचा प्रश्नच उरत नाही. काही मॉडेलमध्ये बटाट्याचं तयार बटण असतं. ते कधीकधी आतून ग्रिलही चालू करतं, हे वापरणाऱ्याला कळतही नाही. शिवाय ग्रिलची लोखंडी जाळी पुष्कळदा आतच राहिलेली असते. केक काढून झाल्यावर लगेच आतल्या भिंती तापलेल्या असतात, तेव्हाही पिशवी ठेवायची नाही. तुमच्या चाळीस गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांकडे तरी असाच ओव्हन असेल असं धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी विकण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकीनं स्वतः वाचावी. ओव्हनसोबत आलेली माहितीपुस्तिका काढा. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत एक सूचना सारखीच असते, कारण ती मायक्रोवेव्हच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातून आलेली आहे. तिचा आशय असा की हे यंत्र अन्न आणि पेयं तापवण्यासाठी आहे. त्यात कपडे वाळवणं, शेकायच्या पिशव्या, सपाता, स्पंज, ओलं फडकं आणि तत्सम वस्तू तापवणं यामुळे इजा होऊ शकते, पेट घेऊ शकतो, आग लागू शकते. ओल्या फडक्याचाही उल्लेख आहे, बघा. तुमची पिशवी ‘तत्सम’मध्ये येते की नाही यावर वाद घालता येईल, कारण तिच्यात अन्न असतं. पण एखाद्या घरी आग लागली, तर तुमच्या पिशवीच्या चिठ्ठीवर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं आणि ओव्हनच्या पुस्तिकेत हे वाक्य, अशा दोन गोष्टी समोरासमोर येतील. तुम्ही पाच जणींनी तेव्हा काय सांगायचं? कुठल्याही प्रयोगशाळेनं तुमच्या पिशवीला तसा दाखला दिलेला नाही. वॅडिंगच्या पाकिटावर तसं छापलेलं असलं तरी ते त्या वॅडिंगपुरतं असतं, तुमच्या दोऱ्याला आणि काठाला लागू होत नाही.

गहू किंवा तांदूळ भरलेल्या शेकायच्या पिशव्यांनीही परदेशात आगी लागल्या आहेत. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी बीएस ८४३३ नावाचं वेगळं मानक करावं लागलं. या पिशव्यांतलं धान्य दर वेळी अधिक कोरडं होत जातं आणि एक दिवस करपतं. ओव्हनमधून काढून पांघरुणात ठेवल्यावरही आतला निखारा धुमसू शकतो. तुमच्या गटाच्या यादीत त्या पिशव्याही असतील तर त्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

आता स्वतःच्या घरापुरतं. बऱ्याच जणी माझ्याकडे येऊन म्हणतात, की सकाळी साडेपाचला डब्यासाठी दोन बटाटे हवे असतात, त्यासाठी कुकर लावायचा जिवावर येतं. एकटं राहणाऱ्या वयस्कर बाईला कुकर उचलवत नाही. चतुर्थीला किंवा श्रावणी सोमवारी एकाच माणसाचा उपास असतो. ही गरज खरी आहे, म्हणून मी नुसतं नाही म्हणून थांबत नाही.

कापड घ्यायचं तर आतून-बाहेरून मांजरपाट किंवा केंब्रिक, पांढरं किंवा फिकट. गडद रंग वाफेनं उतरतो आणि बटाट्याला लागतो. मांजरपाटाला खळ असते, ती जाईपर्यंत गरम पाण्यात दोनदा धुवायचं, कपड्यांचं कंडिशनर न घालता. मध्ये जाळी नसलेलं सुती वॅडिंग, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या सुती साडीचे तीन-चार थर. आज्या गोधडीत तेच घालायच्या, आणि त्या साडीचा प्रत्येक धागा आपण वर्षानुवर्षं धुतलेला, ओळखीचा असतो. फक्त काठ आणि पदर कापून टाकायचा. सुती दोरा, जाळून बघितलेला. टाके एकमेकांपासून दोन बोटांवर, म्हणजे थर सरकत नाहीत. तोंडाला बटण-चेन काही नाही, नुसती पाकिटासारखी दुमड. शिवून झाल्यावर टाचण्या मोजा. मी दहा घेऊन बसते आणि उठताना दहा मोजते.

वापरताना बटाटे साधारण एका आकाराचे घ्या. नवा, पातळ सालीचा बटाटा रसरशीत असतो. टोपलीत महिनाभर पडून सुरकुतलेला बटाटा आधीच पाणी गमावून बसलेला असतो, तो या पिशवीत घालू नका. हिरवट झालेला तर कुठेच घालू नका, शिजवून त्यातलं विष जात नाही. बटाटे धुवा, पाणी निथळू द्या, काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर सालीखाली वाफ कोंडून तो फुटतो. एकटा बटाटा पिशवीत नको, कमीत कमी दोन. मध्यम आकाराच्या दोन बटाट्यांना ८०० वॅटवर आधी चार मिनिटं, मग उलटवून मिनिट-मिनिट वाढवत जायचं आणि सुरी टोचून बघायचं. बंद केल्यावर दोन मिनिटं तसेच राहू द्या, आतली उष्णता मध्यापर्यंत पोचते आणि ते पुरेसे शिजतात. उघडताना पिशवीचं तोंड स्वतःपासून लांब धरा, आतली वाफ चटका देते. तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तर आधी ओव्हन बंद करायचा.

नंतर पिशवी उलटी करून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात हे अवघड जातं. जाड शिवण आतून दोन-दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके येतात. जून ते सप्टेंबर ही पिशवी कपाटात घालून ठेवा, असं मी वर्गातल्या मुलींना सांगते. आणि शिजलेले बटाटे गरम राहतील म्हणून रात्रभर पिशवीतच ठेवायचे नाहीत. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका हॉटेलातल्या बटाट्याच्या पदार्थानं ३० जणांना बोट्युलिझमची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या एका अन्नविषबाधेची, बाधा झाली. ते बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले आणि तसेच बाहेर ठेवलेले होते. कापडी पिशवीतून हवा जाते, फॉइलमधून जात नाही, हा फरक आहे. तरी मातीत वाढलेल्या बटाट्यावरचे जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत. दोन तासांत खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

कधी धूर दिसलाच, तर दार उघडू नका. हवा मिळाली की धुमसणारं पेटतं. भिंतीवरचं बटण बंद करा, जवळची फडकी बाजूला घ्या, शेगडी बंद करा आणि दार बंदच ठेवून थांबा. आग बाहेर आली किंवा धूर वाढतच गेला तर घरच्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

आणि खरं सांगू का? मी स्वतः आता काचेचं झाकणाचं भांडं वापरते. दोन बटाटे, दोन चमचे पाणी, झाकण जरा तिरकं. तितक्याच वेळात तसेच शिजतात. पिशवी करते ते कामही हेच, वाफ बटाट्याभोवती धरून ठेवणं. काच पेटत नाही, आणि घरातल्या कुणीही, न सांगता वापरली तरी चालते.

तुमच्या चाळीस पिशव्यांचं कापड कापून झालं असेल, याची मला कल्पना आहे. ते वाया जायला नको. त्याच मापाची, त्याच टाक्यांची पोळ्यांची पिशवी होते. पिशवीत ठेवलेल्या पोळ्या १०० अंशांच्या वर नसतात, त्यामुळे फायबर शीटचं वॅडिंग, पॉलिएस्टरचा दोरा, खणाचा काठ, सगळं चालतं. फक्त पोळीला लागणारं आतलं कापड धुतलेलं मांजरपाट ठेवा. पिशवीचा आकार बघून लोक मायक्रोवेव्हमध्ये घालतीलच, म्हणून आतल्या शिवणीत सुती फितीचा तुकडा शिवा आणि त्यावर पक्क्या शाईनं मराठी-हिंदीत लिहा: ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये’. नुसती पुठ्ठ्याची चिठ्ठी लावू नका, ती पहिल्याच दिवशी फाडून टाकली जाते. शिवलेल्या फितीवरची शाई दहा धुण्यांनंतर टिकते का, ते एका पिशवीवर आधी धुऊन बघा.